लाइन गेली की झोप उडते: झोप-जागेचं मॉडेल घरच्या कंप्युटरवर

मे महिन्यातलं नागपूर. रात्री दीड वाजता लाइन जाते, कूलरची घरघर थांबते आणि मी टक्क जागा होतो. दोन शिव्या घालतो, कूस बदलतो, आणि घामाघूम असूनही दहा मिनिटांत परत झोपतो. हीच लाइन रविवारी सकाळी सहाला गेली की खेळ खलास. पुन्हा डोळा लागत नाही, मग उठून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर जाणं एवढंच उरतं. रविवारी मला सातपर्यंत झोपायचं असतं आणि ठरवून झोपलो तर झोपतोही. मग सहाला उडालेली झोप परत का येत नाही?

हा प्रश्न मी कंप्युटरला घातला. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप, स्प्रेडशीट आणि थोडं पायथन पुरतं. बारावीचं गणित आठवत असेल तर उत्तम, नसेल तरी पहिला टप्पा सहज जमेल. दोन-तीन रविवार हाताशी ठेवा. हे सगळं समजून घेण्यासाठी आहे. निद्रानाश किंवा दिवसा अनावर झोप असा खरा त्रास असेल तर लॅपटॉप मिटून डॉक्टरांकडे जा.

आधी वही

कोड लिहिण्याची घाई करू नका. चौदा दिवस एक वही उशाशी ठेवा. अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ, झोप लागली असावी ती वेळ (अंदाजे), मध्ये जाग आली असेल तर कधी आणि परत लागली का, सकाळची जाग, दुपारची डुलकी, चहाच्या वेळा. आमच्याकडे मी ‘लाइन गेली’ असाही एक रकाना ठेवला होता. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा वही बरी, कारण पडून राहणं आणि झोपणं यांतला फरक ॲपला नेहमी कळतोच असं नाही.

सुट्टीच्या दिवसांपुढे खूण करा. गजर न लावता आलेली जाग हीच खरी माहिती. गजराने आणलेली जाग मॉडेलशी ताडून काही हाती लागत नाही.

पहिला टप्पा: गच्चीवरची टाकी

१९८२ मध्ये झुरिकच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी झोपेचा हिशेब दोन प्रक्रियांत मांडला. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा आणि झोपेत ओसरणारा ‘झोपेचा दाब’. दुसरी म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. दोन वर्षांनी सर्ज दान आणि डोमिन बीर्स्मा यांच्यासोबत त्यांनी याला नीट गणिती रूप दिलं.

गच्चीवरच्या टाकीला ऑटोमॅटिक बसवलेलं असेल तर हे मॉडेल तुम्ही रोज पाहता. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की पंप सुरू होतो, वरच्या खुणेला टेकलं की बंद. मधल्या पातळीवर पंप चालू आहे की बंद, हे नुसतं पाणी पाहून सांगता येत नाही. पाणी चढतंय की उतरतंय ते माहीत हवं. झोपेचंही तसंच. दाब वरच्या खुणेला लागला की झोप, खालच्या खुणेला आला की जाग.

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा लिहा. दुसऱ्या स्तंभात स्थिती: जागा असाल तर १, झोपेत ०. ही वहीतून उतरवा. तिसऱ्यात दाब, ० ते १ च्या दरम्यान. नियम दोनच:

जागेपणी: नवा दाब = १ − (१ − जुना दाब) × ०.९७२९
झोपेत: नवा दाब = जुना दाब × ०.८८७८

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. जागेपणी दाब चढण्याचा कालांक (म्हणजे बदल किती सावकाश होतो त्याचं माप) १८.२ तास आणि झोपेत उतरण्याचा ४.२ तास धरतात. अर्ध्या तासाला त्या कालांकाने भागा, उणे चिन्ह लावा, त्याचा घातांक काढा (स्प्रेडशीटमध्ये EXP), हेच दोन आकडे मिळतील. सोळा तास जाग आणि आठ तास झोप असं आठवडाभर चालवलं की दाब रात्री ०.६२ आणि सकाळी ०.०९ यांच्या मध्ये स्थिरावतो. तुमचा स्थिरावत नसेल तर सूत्र ओढून खाली नेताना कुठेतरी चुकलं आहे.

आता एक रात्र जागून काढा, म्हणजे कागदावर. चाळीस तास सलग जाग दिली की दाब ०.९० पर्यंत जातो. अडीचपट जागलात म्हणून दाब अडीचपट झाला नाही, आणि तो ०.०९ वर यायला साडेनऊ तास पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेला पोरगा दुसऱ्या दिवशी सोळा तास का झोपत नाही, याचं उत्तर इथे आहे.

पण याच ठिकाणी मॉडेलचे पायही मातीचे निघतात. १९६४ मध्ये रँडी गार्डनर नावाचा अमेरिकन शाळकरी मुलगा २६४ तास जागा राहिला होता आणि नंतर चौदा तासांहून जास्त झोपला. आपली स्प्रेडशीट म्हणते, कितीही जागा, दहा तासांपलीकडे झोप लागणार नाही. अशी तफावत दिसली की मला बरं वाटतं. आता कुठे काय कमी पडतंय ते शोधता येतं.

दुपारची डुलकी आणि हलती खूण

नागपुरी उन्हाळ्यात दुपारी दोनला बाहेर पडतो तो एकतर कामाचा बांधलेला किंवा वेडा. बाकीचे आडवे होतात. तेव्हा शीटमध्ये सकाळची जाग साडेसहाची धरून दोन ते साडेतीन झोप टाका. दाब साडेतीनला ०.२८ वर येतो आणि नेहमीची ०.६२ ची पातळी गाठायला पहाटेचे सव्वातीन वाजतात! दुपारी दीड तास लवंडलं की रात्री सव्वातीनपर्यंत तारे मोजायचे, असं काही आपल्याकडे होत नाही. म्हणजे वरची खूण स्थिर ठेवणं चूक आहे.

ती हलवा. चौथ्या स्तंभात वरची खूण, पाचव्यात खालची:

वरची खूण = ०.६७ − ०.१ × कोसाइन(कोन)
खालची खूण = ०.१७ − ०.१ × कोसाइन(कोन)

कोन पहाटे साडेतीनला शून्य आणि चोवीस तासांत एक पूर्ण फेरा. स्प्रेडशीटला कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये लागतो, म्हणून साडेतीनपासून गेलेल्या तासांना २ × पाय (π) ÷ २४ ने गुणा. माझी एक अख्खी संध्याकाळ या अंश-रेडियनच्या घोळात गेली आहे.

आता दुसरा स्तंभ वहीतून भरू नका, सूत्रालाच ठरवू द्या: जागे असताना दाब वरच्या खुणेवर गेला की ०, झोपेत खालच्या खुणेखाली आला की १, नाहीतर आधीचीच स्थिती. रात्री अकराच्या सुमारास झोप आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास जाग अशी घडी आपोआप बसेल. डुलकीचा प्रयोग पुन्हा करा. सव्वातीनऐवजी दीडला झोप येते. तरी उशीरच, पण मॉडेलला अंथरूण घालून दिवा मालवणं ठाऊक नाही. त्याला फक्त आपोआप येणारी झोप कळते.

माझा आतेभाऊ मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, रात्रपाळी करतो. त्याची नेहमीची तक्रार: “दादा, सकाळी नऊला झोपतो आणि एक-दीडला डोळे उघडतात. खोली काळोखी करून पाहिली, काही फरक नाही.” घरच्यांचं मत, ऊन आणि शेजारची पोरं. मी त्याची वेळ शीटमध्ये टाकली: सकाळी नऊला झोप, घड्याळ मात्र नेहमीचं. दुपारी एकपर्यंत दाब बराच ओसरलेला असतो आणि त्याच वेळी खालची खूण चढून त्याला भेटायला वर आलेली असते. चार-साडेचार तासांत जाग. यात ना ऊन होतं ना पोरं. त्याला हा आलेख दाखवला तेव्हा म्हणाला, “म्हणजे माझी चूक नाही ना? हे आईला पाठव.”

तुमचं घड्याळ कुठे ठेवायचं, म्हणजे साडेतीनच्या जागी किती, हे वहीवरून ठरवा. बिनगजराच्या दिवसांची झोप-जाग जिथे सर्वांत चांगली बसते तो आकडा तुमचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि नागपूर ७९ च्या थोडं पुढे, त्यामुळे आपला सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे चौदा मिनिटं मागे चालतो. शिवाय जूनमध्ये साडेपाचच्या आसपास उजाडतं, जानेवारीच्या सुरुवातीला पावणेसात उलटून जातात. म्हणून मे आणि डिसेंबरच्या वह्या एकत्र कालवू नका.

दुसरा टप्पा: डोक्यातला खटका

टाकीचं मॉडेल झोप कधी ते सांगतं. कूलर थांबल्यावर दोन सेकंदांत जाग कशी येते, ते सांगत नाही. त्यासाठी मेंदूत डोकवावं लागतं.

१९१६-१७ च्या सुमारास व्हिएन्नात मेंदूला सूज आणणारी एक साथ आली. बहुतेक रोगी दिवसचे दिवस झोपत, काहींना मात्र झोपच येत नसे. कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरांनी मृतांचे मेंदू तपासले, तेव्हा झोपाळू रोग्यांच्या हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या) मागच्या भागात इजा सापडली आणि झोप उडालेल्यांच्या पुढच्या भागात. म्हणजे मागे जागवणारं काहीतरी आहे आणि पुढे झोपवणारं. पुढचा तो पेशींचा पुंजका १९९६ मध्ये क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने नेमका दाखवला. जागवणाऱ्या बाजूला नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, हिस्टॅमिन ही रसायनं सोडणारे पेशींचे गट आहेत. दोन्ही बाजू एकमेकींना दाबतात. एक जिंकली की दुसरी गप्प, आणि दुसरी गप्प म्हणून पहिली आणखी जोरात. भिंतीवरचा दिव्याचा खटका मध्येच अडकवून पाहा, राहतो का? सेपर यांनी याला असाच खटका म्हटलं.

२००७ मध्ये सिडनी विद्यापीठातले ॲन्ड्र्यू फिलिप्स आणि पीटर रॉबिन्सन यांनी हा खटका समीकरणांत बसवला. एकेक पेशी न मोजता प्रत्येक गटाचं सरासरी व्होल्टेज आणि सरासरी वेग धरायचा, म्हणजे सेकंदाला किती स्पंदनं ते. पुढे सुधारलेले आकडे घेऊन आपण तेच करू. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, मी ‘झोप’, ‘जाग’, ‘दाब’, ‘रेटा’ अशीच ठेवली. महिन्याभराने फाइल उघडली तरी कळतं.

वेग = १०० ÷ (१ + घातांक((१० − व्होल्टेज) ÷ ३))
झोप-गटाच्या व्होल्टेजमधला बदल, दर सेकंदाला = (रेटा − २.१ × जाग-गटाचा वेग − झोप-व्होल्टेज) ÷ १०
जाग-गटाच्या व्होल्टेजमधला बदल = (१.३ − १.८ × झोप-गटाचा वेग − जाग-व्होल्टेज) ÷ १०
दाबातला बदल = (४.४ × जाग-गटाचा वेग − दाब) ÷ १,६२,०००
रेटा = दाब − २.९ × (४.५ + कोसाइन(कोन))

व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, वेळ सेकंदांत. ‘रेटा’ म्हणजे दाब आणि घड्याळ मिळून झोपेकडे ढकलणारा जोर. उणे २.१ आणि उणे १.८ म्हणजे एकमेकांना दाबणं. १.३ हा जागवणाऱ्या गटाला मिळणारा कायमचा आधार. शेवटचा मोठा आकडा म्हणजे ४५ तासांचे सेकंद. मी पहिल्यांदा तिथे नुसते ४५ टाकले आणि माझा माणूस दर काही मिनिटांनी झोपत-उठत राहिला. दाब म्हणजे मेंदूत साचणारं ॲडेनोसिन असं ढोबळमानाने धरा. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच ॲडेनोसिनची दारं अडवतं. कोन या वेळी दुपारी चारला शून्य घ्या.

लगेच दहा दिवस पळवू नका. आधी दाब आणि घड्याळ दोन्ही बाजूला काढून ठेवा आणि ‘रेटा’ हाताने द्या. शून्यापासून सुरू करून अगदी हळूहळू ४ पर्यंत वाढवा, प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग तसाच खाली आणा. जाग-गटाचा वेग आलेखावर काढा. चढताना साधारण २.४६ वर तो एकदम कोसळेल, म्हणजे झोप लागली. उतरताना मात्र २.४६ वर काहीच होणार नाही, झोप चालूच राहील. १.४५ पर्यंत उतरलात की वेग उसळेल आणि जाग येईल. हे दोन आकडे मिळाले तरच पुढे जा. कोड बरोबर असल्याची याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

१.४५ ते २.४६ या पट्ट्यात दोन्ही स्थिती टिकतात. जागा असाल तर जागे, झोपलेले असाल तर झोपलेले. टाकीच्या दोन खुणा आपण बाहेरून आखल्या होत्या. इथे त्या दोन गटांच्या भांडणातून आपोआप उगवल्या.

मग सगळं जोडा. दाब १४, जाग-व्होल्टेज १, झोप-व्होल्टेज −१२ अशी सुरुवात करून पंधरा दिवस चालवा आणि पहिला आठवडा टाकून द्या. वेळेची पायरी एक सेकंदाची ठेवा. लवकर उरकावं म्हणून मी एका मिनिटाची ठेवली होती, तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा झाला. जी गोष्ट दहा सेकंदांत बदलते तिच्याकडे मिनिटाला एकदा पाहून कसं चालेल? एक सेकंदाने फारच वेळ लागत असेल तर सायपाय या पायथनच्या गणिती संचातला ताठर समीकरणांसाठीचा (काही गोष्टी झपाट्याने, काही सावकाश बदलतात अशांसाठीचा) सॉल्व्हर वापरा, त्यात ‘एलसोडा’ पद्धत बरी पडते. सगळं जमलं तर रात्री साडेदहाच्या सुमारास झोप आणि सातच्या पुढे-मागे जाग दिसेल.

खटका ढिला करून पाहा

नार्कोलेप्सी या आजारात माणूस बोलता-बोलता झोपेत ओढला जातो. त्याच्या एका प्रकारात ऑरेक्सिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. ऑरेक्सिन १९९८ मध्ये सापडलं आणि जागवणाऱ्या बाजूला ते आधार देतं. आपल्या मॉडेलमध्ये ऑरेक्सिन वेगळं नाही, पण खटका ढिला झाला तर काय होतं ते पाहता येतं. २.१ आणि १.८ दोन्ही २० टक्क्यांनी कमी करून हाताने रेटा देण्याचा प्रयोग पुन्हा करा. सुमारे एक मिलिव्होल्टचा तो पट्टा आता जेमतेम ०.१ उरतो. ३० टक्क्यांनी कमी केलं तर पट्टाच नाहीसा, आणि झोपेतून जागेत माणूस उताराच्या रस्त्यासारखा घरंगळत जातो. त्यात दोन्ही व्होल्टेजवर थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळा. २० टक्के ढिल्या खटक्यात झोप-जाग थरथरायला लागते, मूळच्यात तेवढ्याच गोंगाटाने पान हलत नाही. या एका आलेखासाठी एवढा खटाटोप केला तरी वसूल आहे.

चहाचा प्रयोग सोपा आहे. ‘रेटा’च्या सूत्रात संध्याकाळी सहापासून पुढचे काही तास दाबाला ०.९ ने गुणा आणि झोप किती पुढे सरकते ते बघा. ०.९ हा आकडा माझ्या मनाचा आहे, एका कपाचं मोजमाप नव्हे.

आता लाइन घालवू

शेवटचा प्रयोग हाच, ज्याच्यासाठी मी बसलो होतो. झोपेत असताना एखाद्या क्षणी जाग-व्होल्टेजला अर्धा-एक मिनिट बाहेरून जोराचा धक्का द्या, इतका की जाग येईलच. मग धक्का काढून घ्या आणि मॉडेलला त्याच्या हाली सोडा. रात्री दीडला एकदा, सकाळी सहाला एकदा. सोबत ‘रेटा’ही आलेखावर काढा.

साडेदहाला झोप लागते तेव्हा रेटा २.४६ असतो. नंतर तो लगेच उतरत नाही. दाब ओसरत असला तरी घड्याळ झोपेच्या बाजूने ढकलत असतं, त्यामुळे रेटा आधी वाढतो आणि मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास ३.४ पर्यंत जातो. दीडला धक्का दिला तर जाग येते, पण २.४६ च्या वर जागेपण ही टिकणारी स्थितीच नाही. मॉडेल पुन्हा झोपेत कोसळतं. पावणेसहाच्या सुमारास रेटा २.४६ च्या खाली उतरून पट्ट्यात येतो. तिथे झोप टिकते, जागही टिकते. कुणी धक्का दिला नाही तर माणूस सातपर्यंत निवांत झोपतो. सहाला धक्का बसला की खटका पलीकडे पडतो आणि तिथेच राहतो.

माझ्या वहीत ‘लाइन गेली’च्या रकान्यात चौदा दिवसांत पाच नोंदी होत्या. तीन मध्यरात्रीच्या आसपासच्या, तिन्हींपुढे ‘परत झोपलो’. चौथी सहा वाजून पाच मिनिटांची, पुढे ‘नाही’. पाचवी मात्र सव्वाचारची, तिच्यापुढेही ‘नाही’ लिहिलं आहे. मॉडेलच्या मते तेव्हा रेटा पट्ट्याच्या बराच वर हवा होता. त्या रात्री लाइन दीड तास आली नव्हती आणि खोली तापली होती. आपल्या समीकरणांत तापमान कुठेच नाही. सध्या मी ते १.३ च्या आधारात कसं मिसळता येईल ते पाहतोय, आणि खिडकीत थर्मामीटर टांगून वहीत एक रकाना वाढवला आहे.